सगळ्यांना चालणारी गाणी

२०१७च्या एप्रिलमध्ये यान ब्योमरमान या जर्मन विनोदवीराने आपल्या टीव्ही कार्यक्रमात एक प्रयोग केला. रेडिओवर वाजणाऱ्या जर्मन पॉप गाण्यांचे शब्द इतके एकसारखे झालेत की ते लिहायला माणूस तरी कशाला हवा, असा त्याचा प्रश्न होता. त्याने जाहिरातींमधली घोषवाक्यं, कॅलेंडरवरचे सुविचार आणि समाजमाध्यमांवरच्या ओळी गोळा केल्या. मग गेल्झेनकिर्शेनच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाच चिंपांझींकडून त्यातल्या काही निवडून घेतल्या, त्यांना चाल लावली आणि गाणं बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘मेन्शेन लेबेन टान्त्सेन वेल्ट’, म्हणजे माणसं, आयुष्य, नाचणं, जग. हे गाणं जर्मन चार्टवर सातव्या क्रमांकापर्यंत चढलं.

पुरावा म्हणून हे थोडं कच्चं आहे. अनेकांनी ते गाणं थट्टेत सामील व्हायचं म्हणूनच घेतलं असणार. पण प्रयोगातून एक गोष्ट नक्की कळते. एखाद्या शैलीची नक्कल ओळी उलटसुलट जोडून करता येत असेल आणि ऐकणाऱ्याला ती ओळखूही येत असेल, तर त्या शैलीचा साचा झालेला असतो. ब्योमरमानचा रोख माक्स गीझिंगर आणि त्याच्या जातकुळीच्या गायकांवर होता. सुरुवातीला पियानो, मग हळूहळू वाढणारा ताल, मग स्टेडियममध्ये सगळ्यांना ओरडता येईल असं शब्दहीन ‘ओ-ओ’. शब्दांत क्षण, आयुष्य, पाऊस, उजेड, तू आणि मी. गीझिंगरचं २०१६मधलं गाजलेलं गाणं आठ कोटींमधून एक माणूस सापडल्याबद्दल होतं. त्याच वर्षी युरोपीय फुटबॉल स्पर्धा आली आणि त्याच गाण्याची फुटबॉलची आवृत्तीही निघाली. प्रेमाचं गाणं फारसं न बदलता फुटबॉलचं होऊ शकतं, यातच त्या शब्दांचं वजन कळतं.

इथे राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना हा विषय परका वाटेल. आपल्याला जर्मन गाण्यांशी काय देणंघेणं? आपण कानात आपली गाणी घालून ट्रेनमध्ये बसतो. मला मात्र हा प्रश्न आपल्यासारख्यांच्याच जास्त जवळचा वाटतो. का, ते पुढे सांगते. आधी तक्रार खरी आहे का ते पाहू. ‘आमच्या वेळी काय गाणी होती’ हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते आणि त्यावर विश्वास ठेवण्याआधी दोनदा विचार करावा.

१९८२ची यादी

एकच वर्ष घेऊ. १९८२मध्ये जर्मनीच्या चार्टवर पहिल्या क्रमांकाला पोचलेल्या गाण्यांपैकी ही चार. पहिलं, म्युनिकच्या स्पायडर मर्फी गँगचं ‘स्कांडाल इम श्पेर्बेत्सिर्क’. बव्हेरियन ढंगाचं रॉक अँड रोल, विषय शहराने वेश्याव्यवसायाला घातलेली हद्द आणि तिथल्या लोकांचा दुटप्पीपणा. दुसरं, व्हिएन्नाच्या फाल्कोचं ‘डेर कोमिसार’. त्यात व्हिएन्नाच्या बोलीचा तोरा घेऊन केलेलं रॅप आहे, आणि तेही युरोपात रॅप हा शब्द फारसा कोणाला माहीत नसताना. तिसरं, सतरा वर्षांच्या निकोलने पांढरी गिटार घेऊन गायलेलं शांततेचं गाणं, ज्याने त्या वर्षीची युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. चौथं, गोटलीब वेंडेहाल्स या विदूषकी वेशातल्या गायकाचं ‘पोलोनेझे ब्लांकेनेझे’. लग्नात आणि कार्निवलमध्ये एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडी करायचं गाणं. ते गाणारा माणूस मुळात जॅझ पियानोवादक होता.

चांगलं-वाईट बाजूला ठेवू. चौथं गाणं मला दोन मिनिटांपलीकडे ऐकवत नाही. पण ही चार गाणी चार वेगळ्या शहरांतून, चार वेगळ्या स्वभावांतून आली आणि एकाच यादीत एकमेकांना भेटली. याच काळात ट्रिओ नावाच्या तिघांनी खेळण्यातला म्हणावा अशा छोट्या कॅसिओ कीबोर्डवर ‘दा दा दा’ करून सगळ्यांना वेड लावलं. क्राफ्टवेर्कचं ‘मॉडेल’वरचं गाणं त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि कोलोनच्या बोलीत गाणारा एक रॉक बँड देशभर ऐकला जात होता. त्या बँडचं नाव ‘बाप’. गंमत म्हणजे कोलोनच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थही आपल्यासारखाच, वडील. हाम्बुर्गच्या माणसाला ती बोली अर्धीमुर्धीच कळत असणार. मालवणीतलं गाणं नागपुरात पोरांच्या तोंडी बसावं, तसंच काहीसं हे झालं.

तेव्हा एकसुरीपणा नव्हता, असं नाही. १९८५-८६मध्ये मॉडर्न टॉकिंग या जोडीची एकापाठोपाठ एक पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली आणि ती पाचही डोळे मिटून ऐकली तर कुठलं कुठलं ते सांगणं अवघड. पण तो एकसुरीपणा बाजारातल्या एका दुकानाचा होता. शेजारच्या दुकानात फाल्को मोझार्टवर रॅप करत होता.

आता २०१९ पाहा. त्या वर्षी बर्लिनच्या कॅपिटल ब्रा या रॅपरने जर्मनीत सर्वाधिक वेळा पहिल्या क्रमांकावर जाण्याच्या बाबतीत बीटल्सना मागे टाकलं. त्याचं ‘चेरी लेडी’ हे गाणं कशावर बेतलेलं होतं? मॉडर्न टॉकिंगच्या त्याच पाचांपैकी एकावर. चार वर्षांनी, २०२३मध्ये, अपाचे २०७ हा लुडविग्सहाफेनचा तरुण गायक आणि १९४६मध्ये जन्मलेला ऊडो लिंडेनबेर्ग यांचं ‘कोमेट’ तब्बल २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तोवरचा विक्रम १७ आठवड्यांचा होता. त्याच वर्षी स्की आगू आणि योस्ट यांचं ‘फ्रीझेनयुंग’ पहिलं आलं. ते ओटो वाल्केस या जुन्या विनोदवीराच्या गाण्यावर उभं आहे आणि ओटोचं गाणं मुळात स्टिंगच्या इंग्रजी गाण्याचं विडंबन होतं. म्हणजे विडंबनाचा पुनर्वापर.

‘कोमेट’ मला आवडतं, हे सांगून टाकते. मागे काहीतरी ठेवून जाण्याची इच्छा पंचविशीतल्या आणि पंचाहत्तरीतल्या माणसाने एकत्र गावी, यात खरा जिव्हाळा आहे. लिंडेनबेर्गचा घासलेला आवाज त्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणात एकटाच खरखरतो आणि गाण्याचा जीव तिथेच आहे. पण एखादं चांगलं गाणं पाच महिने पहिल्या जागेवर बसून राहतं, तेव्हा त्या गाण्याच्या गुणांइतकंच ते त्या यादीबद्दलही सांगत असतं. तिथे आता फारशी हालचाल उरलेली नाही.

नावडतं गाणं बाहेर

हे कसं झालं? पहिलं उत्तर रेडिओत आहे.

१ जानेवारी १९८४ला लुडविग्सहाफेनमधल्या केबलच्या प्रायोगिक प्रकल्पातून जर्मनीत खासगी प्रसारणाची सुरुवात झाली. त्याआधी रेडिओ म्हणजे सार्वजनिक प्रसारण संस्था. खासगी स्टेशनांबरोबर अमेरिकी पद्धतीचा ‘फॉरमॅट रेडिओ’ आला. कुठल्या वयाचा श्रोता हवा ते ठरवायचं, त्याला चालतील अशी काहीशे गाणी काढायची आणि तीच दिवसभर फिरवायची. गाणी निवडायची पद्धत अशी की लोकांना गाण्याचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं, ओळखता का, आवडतं का, कंटाळा आलाय का.

यात कोणी लबाड नाही. पण या पद्धतीतून काय गाळलं जातं ते पाहा. एखादं गाणं दहातल्या चौघांना प्रचंड आवडतं आणि चौघांना अजिबात सोसत नाही. दुसरं गाणं दहाही जणांना ‘ठीक आहे’ वाटतं. रेडिओवाल्याची भीती एकच, श्रोता स्टेशन बदलेल. म्हणून पहिलं गाणं बाहेर आणि दुसरं आत. ‘डेर कोमिसार’ आज पहिल्यांदा अशा चाचणीला बसवलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा. अनोळखी बोली, अनोळखी प्रकार, आठ सेकंदांत काही कळत नाही. जेवणावळीत सगळ्यांना चालेल म्हणून तिखट, आंबट, कडू सगळं काढत गेलं की शेवटी साधं वरण उरतं. वरण वाईट नसतं, पण त्याला जेवण म्हणत नाहीत.

खासगी स्टेशनांनी हे करणं समजू शकतं. त्यांचं पोट जाहिरातींवर आहे. पण सार्वजनिक संस्थांच्या मोठ्या पॉप वाहिन्याही त्याच वाटेने गेल्या, हे जास्त खटकतं. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांकडून पैसे घेतो, तर जास्तीत जास्त लोकांनी ऐकायला हवं. या देशात प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क भरावं लागतं, तुम्ही रेडिओ लावा किंवा नका लावू. अनेक मराठी घरांत या पाकिटावरून चिडचिड होते. माझं म्हणणं उलटं आहे. पैसे भरा, पण त्या बदल्यात काय मिळतंय ते विचारा. जाहिरातदाराच्या तालावर चालणाऱ्या स्टेशनासारखंच वाजवायचं असेल, तर हे शुल्क कशासाठी?

या साचेबंदपणाला जर्मनीत ‘डूडेलफुंक’ असा तुच्छतेचा शब्दही आहे, साधारण ‘पिपाणी रेडिओ’ म्हणता येईल असा. म्हणजे तक्रार जुनी आहे. २००४मध्ये शेकडो जर्मन कलाकारांनी फ्रान्ससारखा कोटा मागितला. फ्रान्समध्ये १९९६पासून रेडिओवर ४० टक्के फ्रेंच गाण्यांची सक्ती आहे. जर्मन संसदेने सक्ती टाळून ३५ टक्क्यांच्या ऐच्छिक बंधनाचं आवाहन केलं. पुढच्या काळात रेडिओवर जर्मन शब्द वाढलेही. पण कुठले? पियानो, पाऊस आणि ‘ओ-ओ’ असलेले. कोटा भाषेचा होता, वैविध्याचा नव्हता. मराठी गाण्यांसाठी मुंबईतल्या एफएम स्टेशनांकडे मागण्या करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. भाषेची टक्केवारी पदरात पडली तरी एकच मराठी गाणं शंभर वेळा वाजण्याचा धोका राहतोच.

मोजणी बदलली

दुसरं उत्तर मोजणीत आहे. पूर्वी तबकडी एकदा विकत घेतली की यादीत एक नोंद. मग ती तुम्ही घरी शंभर वेळा वाजवा किंवा माळ्यावर टाका. आजोबांनी नातीच्या वाढदिवसाला घेतलेली तबकडी आणि शाळकरी मुलाने खाऊच्या पैशांतून घेतलेली तबकडी सारखीच मोजली जाई. २०१२मध्ये स्पॉटिफाय जर्मनीत आलं आणि २०१४पासून चार्टमध्ये स्ट्रीमिंग धरलं जाऊ लागलं. आता प्रत्येक वेळचं ऐकणं मोजलं जातं. जो दिवसभर कानात इयरफोन घालून एकच गाणं फिरवतो त्याचा हात वर राहतो आणि बहुतेक वेळा तो पंधरा-वीस वर्षांचा असतो. त्याची आवड खोटी नाही. पण आता यादीत त्याचाच आवाज मोठा आहे.

शिवाय ३० सेकंदांचा नियम आहे. तेवढं ऐकलं गेलं तरच ते ऐकणं धरलं जातं आणि पैसे मिळतात. म्हणून गाण्याची सुरुवातीची संथ वाट नाहीशी होत चालली. पहिल्या काही सेकंदांत कान पकडायला हवा, आणि त्यासाठी ओळखीच्या सुरासारखं दुसरं साधन नाही. मॉडर्न टॉकिंग किंवा ओटो परत का येतात, याचं उत्तर इथे आहे. नव्या गाण्याला अनोळखी राहायला वेळच उरलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की बंधनं पूर्वीही होती. अगदी बरोबर. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. १९३०च्या दशकात जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ तबकडीवर आणली आणि मराठी भावगीत त्या साडेतीन मिनिटांच्या चौकटीतच मोठं झालं. चौकट लहान असली म्हणून कला आटत नाही. पण तबकडीची चौकट फक्त लांबी सांगत होती, आत काय भरायचं ते नाही. आजची चौकट पहिल्या अर्ध्या मिनिटात काय व्हायला हवं तेही सांगते, आणि पुढच्या गाण्याची शिफारस आधीच्या गाण्याशी असलेल्या साम्यावरून करते. फरक तिथे आहे.

एक गोष्ट नोंदवायला हवी. जर्मनीची अल्बमची यादी अजून बरीच रंगीत असते. तिथे एखाद्या आठवड्यात मेटल बँड, दुसऱ्या आठवड्यात श्लागरची गायिका, मग एखादा रॅपर असं चालू असतं, कारण तिथे निष्ठावंत चाहते अजून वस्तू विकत घेतात. म्हणजे या देशातलं संगीत आटलेलं नाही. आटली आहे ती सगळ्यांच्या वाटेवरची जागा.

पण दार कोणासाठी उघडं होतं?

इथवर वाचून १९८२चा काळ सोन्याचा होता असं वाटलं असेल, तर थांबा. त्या यादीत एक मोठं भोक होतं.

तेव्हा जर्मनीत तुर्की कामगारांना येऊन वीस वर्षं झाली होती. कोलोनमध्ये १९६४मध्ये सुरू झालेल्या ट्युर्क्युओला या कंपनीच्या तुर्की तबकड्या आणि कॅसेटी प्रचंड खपत. युक्सेल ओझकासाप या गायिकेला लोक कोलोनची बुलबुल म्हणत. पण हा माल तुर्की किराणा दुकानांत आणि बाजारात विकला जाई, तबकड्यांच्या जर्मन दुकानांत नाही. मोजणी तिथे होतच नव्हती. त्यामुळे लाखो माणसं ऐकत असलेलं संगीत जर्मनीच्या अधिकृत यादीत कधी दिसलंच नाही. चेम काराजा या तुर्की रॉक गायकाने निर्वासित म्हणून राहताना १९८४मध्ये जर्मन भाषेत आख्खा अल्बम केला, तरी तो मुख्य प्रवाहात पोचला नाही. चेम कायाचा ‘लीबे, डे-मार्क उंड टोड’ हा २०२२चा माहितीपट याच विस्मृत संगीतावर आहे. आपल्यासारख्या परदेशस्थ माणसांनी तो जरूर पाहावा.

म्हणून आजच्या रॅपला एकसुरी म्हणून झटकून टाकायला माझी तयारी नाही. ताल एकसारखे आहेत, यंत्राने घासलेला आवाज एकसारखा आहे, महागड्या गाड्यांची आणि घड्याळांची यादी तर पाठच होते. बायकांबद्दलची भाषा अनेकदा किळसवाणी असते. २०१८मध्ये ज्यू-छळाची थट्टा करणाऱ्या ओळी असलेल्या अल्बमला ‘एको’ पुरस्कार मिळाला आणि त्या गदारोळात तो पुरस्कारच बंद करावा लागला. हे सगळं खरं. पण शब्दांकडे पाहा. ओफेनबाखचा हाफ्टबेफेल एका कडव्यात जर्मन, तुर्की, कुर्दिश आणि अरबी शब्द असे मिसळतो की जर्मन शिक्षकालाही शब्दकोश लागावा. त्याच्या गाण्यातून पसरलेला ‘बाबो’ हा शब्द २०१३मध्ये जर्मनीतला वर्षाचा तरुणाईचा शब्द ठरला. झाझाकी भाषेतून आलेला, मूळ अर्थ वडील, वापर ‘दादा’, ‘भाई’ असा. १९८२मध्ये कोलोनचा ‘बाप’ आणि २०१३मध्ये ओफेनबाखचा ‘बाबो’. दोघांनीही पुस्तकी जर्मनला घराबाहेरच्या भाषेत ओढलं.

तेव्हा हिशेब सरळ नाही. सुरांचं वैविध्य कमी झालं आणि त्याच वेळी गाणाऱ्यांचं वाढलं. पूर्वी घरात अनेक खोल्या होत्या पण दारावर पहारा होता. आता दार उघडलं, पण आत एकच खोली उरली आहे.

शास्त्रज्ञांचंही यावर एकमत नाही. २०१२मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातली चार लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणं संगणकाने तपासली. त्यांना आढळलं की स्वरांच्या जोडण्यांतलं वैविध्य कमी होत गेलं, वाद्यांच्या आवाजाचा पोत सारखा होत गेला आणि ध्वनिमुद्रणं अधिक कर्कश झाली. तीन वर्षांनी लंडनच्या संशोधकांनी अमेरिकी हॉट हंड्रेड यादीतली सुमारे १७ हजार गाणी तपासली. त्यांना सतत उतरती रेघ दिसली नाही. १९६४, १९८३ आणि १९९१ अशी तीन मोठी वळणं दिसली, ऐंशीच्या दशकात एकदा वैविध्य घसरून पुन्हा सावरल्याचंही दिसलं. आणि सर्वांत मोठं वळण होतं १९९१चं, रॅप मुख्य प्रवाहात येण्याचं. दोन अभ्यासांतला फरक मला असा वाटतो की पहिल्याने गाण्याच्या आतलं मोजलं आणि दुसऱ्याने गाण्यांमधलं अंतर. दोन्ही खरं असू शकतं. आणि दुसऱ्या अभ्यासातून एक दिलासाही मिळतो, की घसरण कायमची नसते. मात्र ती सावरते ती बाहेरच्या कोणालातरी आत घेतल्यावर.

आपल्याला काय त्याचं?

आता सुरुवातीचा प्रश्न. आज कोणालाही काहीही ऐकता येतं. हाम्बुर्गचं बाइटएफएम २००८पासून माणसांनी हाताने निवडलेलं संगीत वाजवतं. सार्वजनिक संस्थांची कॉस्मो वाहिनी जगभरचं संगीत देते. मग चार्टवर आणि मोठ्या रेडिओवर काय वाजतं याची फिकीर कशाला?

कारण शोधून ऐकायला आधी माहीत असावं लागतं. ज्याचं बालपण इथे गेलं, ज्याच्या मोठ्या भावाकडे तबकड्या होत्या, त्याला कॅन किंवा नॉय ही नावं ठाऊक असतात. तो मुख्य प्रवाहाकडे पाठ फिरवून आपलं शोधू शकतो. नव्याने आलेल्या माणसाकडे ती किल्ली नसते. त्याला या देशाचं संगीत मिळतं ते बेकरीत, केस कापताना, कारखान्यातल्या दुपारच्या पाळीत, सहकाऱ्याच्या गाडीत. म्हणजे सगळ्यांच्या वाटेवर. ती वाट सपाट झाली की त्याला वाटतं, हा देशच सपाट आहे. मी किती मराठी घरांत ऐकलं आहे, ‘जर्मन संगीतात बाखनंतर काही नाही.’ ज्या देशाने डिस्कोला म्युनिकमध्ये आणि यंत्रसंगीताला ड्युसेलडोर्फमध्ये नवं वळण दिलं, त्याबद्दल हे मत! पण ते मत बनवणाऱ्याचा दोष अर्धाच. त्याच्या कानावर दुसरं काही पडूच दिलेलं नाही.

भाषा शिकणाऱ्यालाही हे लागू आहे. गाण्यातून भाषा शिकावी म्हणतात ते खरं, पण कुठल्या गाण्यातून? क्षण, आयुष्य आणि पाऊस एवढ्यावर बी-वन परीक्षासुद्धा पास होता येत नाही. बोली, टोमणा, शिवी, लाड, रस्त्याचं नाव, खाण्याचा पदार्थ हे ज्या गाण्यांत असतं तीच भाषा शिकवतात. आपली मुलं शाळेतून ‘वल्ला’ आणि ‘डिगा’ घेऊन घरी येतात आणि आपण दचकतो. पण त्यांनी निदान जिवंत शब्द आणलेत.

आपल्याकडे रेडिओने काय केलं ते आठवून पाहा. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने वर्षभर दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी ऐकवली. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली आणि गायला माणिक वर्मांपासून वसंतराव देशपांड्यांपर्यंत वेगवेगळे आवाज. आठ सेकंदांच्या चाचणीत ‘गीतरामायण’ बसलं असतं का? मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’मध्ये भावगीताला लागून लावणी, मग नाट्यगीत, मग कोळीगीत लागायचं. ज्यांना नाट्यसंगीत सोसत नसे त्यांच्याही कानावर ते पडायचंच, आणि दहा वर्षांनी त्यांतल्या काहींना ते आवडू लागायचं. आवड ही अशी, न मागता मिळालेल्यातून वाढते. सरकारी रेडिओ कंटाळवाणा होता, ब्राह्मणी होता, अनेक शाहिरांना आणि जलशांना त्याने पुरेशी जागा दिली नाही, हेही तितकंच खरं. पण श्रोत्याला जे आवडतं तेवढंच त्याला द्यायचं, ही कल्पना त्याच्या डोक्यात नव्हती.

आणि इथल्या आपल्या कार्यक्रमांचं काय? गणपतीच्या शेवटच्या संध्याकाळी, मग ते गाव कुठलंही असो, डीजेच्या यादीत ‘झिंगाट’ असतंच. २०१६ला ‘सैराट’ आला तेव्हा ते गाणं म्हणजे स्फोट होता. अजय-अतुल यांनी ‘जोगवा’, ‘नटरंग’ आणि ‘सैराट’ या तिन्ही ठिकाणी तीन वेगळी जगं उभी केली. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी आणि आपल्यासारख्या आयोजकांनी मात्र त्यातली फक्त धमाल उचलली. ‘लोकांना हेच हवं असतं’ हे वाक्य मंडळाच्या बैठकीत जितक्या सहज ऐकू येतं, तितक्याच सहज ते जर्मन रेडिओवाला म्हणतो. इथे वाढणाऱ्या मुलीला मराठी गाणं वर्षातून दोनदाच कानावर पडणार असेल आणि दोन्ही वेळा ते एकच असेल, तर तिच्या लेखी मराठी संगीत म्हणजे ते एक गाणं. तिला पोवाडा किंवा ‘जैत रे जैत’मधली ठाकरांची चाल कोण शोधून देणार? तिला तर त्यांची नावंही माहीत नाहीत.

म्हणून मला वाटतं, मुख्य प्रवाहाची काळजी दर्दी लोकांपेक्षा नवख्यांनी जास्त करावी. २०२४मध्ये राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी सार्वजनिक रेडिओ वाहिन्यांची संख्या सुमारे सत्तरवरून पन्नाशीच्या आसपास आणायचं ठरवलं. कात्री लागते तेव्हा आधी कोणती वाहिनी वाचते? जिचे श्रोते जास्त तीच, म्हणजे सगळ्यांना चालणारी. प्रत्येक प्रसारण संस्थेवर देखरेख करणारं एक रुंडफुंकराट असतं. तिथे चर्च, कामगार संघटना, क्रीडा संघटना यांचे प्रतिनिधी बसतात आणि अनेक राज्यांत स्थलांतरितांच्या संघटनांचेही. तिथे पत्र लिहिता येतं, तक्रार करता येते. दर महिन्याला १८.३६ युरो भरणाऱ्याचा तो हक्क आहे आणि आपल्यापैकी फार थोडे तो वापरतात.

आणि मंडळाची पुढची गाण्यांची यादी करताना पाच गाणी लोकांना माहीत असलेली ठेवावीत, सहावं माहीत नसलेलं. त्या एका गाण्याला चार जण पाणी प्यायला उठतील, आठ जण फोन काढतील. एखादी मुलगी विचारेल, हे काय होतं? तिच्यासाठी ते वाजवावं.